शेवटचं पान आधी वाचणाऱ्या सासूबाई

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बावधनच्या सोसायटीत तुम्ही दहा-बारा जणींचा वाचनगट सुरू केलात. पहिल्याच महिन्यात 'हातातून सुटत नाही' म्हणून गाजलेली एक रहस्य कादंबरी दिलीत. निम्म्या जणींना ती आवडली नाही, एकीने चाळिसाव्या पानावर सोडली, आणि तुमच्या सासूबाईंनी शेवटचं पान आधी वाचून जेवताना खुनी जाहीर केला. आता पुढच्या महिन्यात काय द्यावं, घरातल्या गुपितांवरचं काही हळवं चालेल का, आणि रहस्य न फोडता पुस्तक सुचवायचं तरी कसं?

सासूबाईंचं शेवटी बघू. त्या मला आवडल्या.

मी सदाशिव पेठेतल्या एका खाजगी वाचनालयात सव्वीस वर्षं काउंटरला बसलो. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ गर्दी, आणि त्या तीन तासांत 'काहीतरी सस्पेन्स द्या हो' हे वाक्य चार-पाच वेळा तरी कानावर यायचंच. पहिली दोन वर्षं मी या वाक्याला फसलो. सस्पेन्स मागितला की सस्पेन्सच्या कपाटातलं वरचं पुस्तक काढून द्यायचं, तारखेचा शिक्का मारायचा, झालं. आठ दिवसांनी तेच पुस्तक 'ठीक होतं' अशा शेऱ्यासह परत यायचं. पुणेकराच्या तोंडी 'ठीक होतं' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच.

हळूहळू लक्षात आलं की शब्द एकच असला तरी मागणी निराळी असते. एकाला कोडं हवं असतं. सकाळी पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवणारा माणूस हा, पेन्सिलीने नव्हे. दुसऱ्याला धाकधूक हवी असते, कोण-का-कसं याच्याशी त्याला फारसं घेणंदेणं नाही, रात्री दिवा मालवताना पाठीमागे बघावंसं वाटलं पाहिजे. आणि तिसऱ्याला कुणाच्या तरी घराच्या बंद खोलीत डोकवायचं असतं. (ही बहुतेक वेळा बाई असते असा समज आहे. माझ्याकडे निवृत्त बँकवाले जास्त होते.) या तिघांच्या हाती तुम्ही एकच पुस्तक दिलंत तर दोघांची निराशा पक्की. तुमच्या गटात नेमकं हेच झालंय, पुस्तकाचा त्यात दोष नाही.

'तुम्हाला काय आवडतं?' हा प्रश्न मी पुढे विचारायचंच सोडलं. लोक आवडतं ते सांगत नाहीत, आवडायला हवं ते सांगतात. त्याऐवजी विचारायचो, 'शेवटचं अर्धवट परत केलेलं पुस्तक कोणतं आणि कुठे सोडलंत?' याचं उत्तर मात्र खरं येतं, कारण तक्रार करताना माणूस खोटं बोलत नाही. तुमच्या मैत्रिणीने चाळिसाव्या पानावर सोडलं ना? तिथपर्यंत सात-आठ पात्रांची ओळख झालेली असते, नावं परकी असतात, आणि कुणाचंच बरं-वाईट व्हावं असं अजून वाटत नसतं. तिला कोड्याचं पुस्तक नको, माणसांचं हवंय. दोनशे पानं वाचून जो सोडतो त्याला खुनी कळलेला असतो, त्याला अधिक चतुर लेखक द्या. आणि शेवटची वीस पानं उरलेली असताना जो पुस्तक परत आणतो, त्याला काही विचारू नका. त्याला कळलेलं असतं की आता काहीतरी वाईट होणार आहे आणि ते बघायची त्याची तयारी नसते. त्याच्याकडे पुन्हा येतो.

पुस्तक निवडताना मी फक्त एवढंच बघायचो: गुपित ठाऊक कुणाला आहे, आणि ते लपवलंय कुणापासून?

जुन्या धाटणीच्या हेरकथेत ते ठाऊक असतं गुन्हेगाराला आणि लेखकाला, लपवलेलं असतं आपल्यापासून. हा सरळ सामना आहे, आणि त्याला नियमही आहेत. इंग्लंडमधल्या रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्रीबुवांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा आज्ञाच लिहून काढल्या: अलौकिक शक्ती आणायच्या नाहीत, गुप्त खोली किंवा भुयार असलंच तर एकच, आणि हेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही तिथल्या तिथे दाखवायचा. लगेच १९३० मध्ये लंडनला रहस्यकथाकारांचा क्लब निघाला, त्यात सामील होताना चक्क शपथ घ्यावी लागे. थट्टेचा भाग होता, पण आतला आग्रह खरा होता. वाचकाला हरवायचं तर उजेडात हरवायचं. अगाथा ख्रिस्तीची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी १९२६ ची, आणि तिचा शेवट न्यायाचा की फसवणुकीचा यावर लोक अजून भांडतात. शेवट मी सांगणार नाही. पण त्याच वर्षी डिसेंबरात ही बाई स्वतःच अकरा दिवस बेपत्ता झाली, हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली, आणि त्या अकरा दिवसांबद्दल तिने आत्मचरित्रातही चकार शब्द काढला नाही. झाकली मूठ म्हणतात ती ही. ख्रिस्ती मराठीतून वाचायची असेल तर मधुकर तोरडमलांनी केलेले अनुवाद शोधा. नाटकवाला माणूस, संवाद कानाला मराठी लागतात.

दुसऱ्या जातीत वाचकाला सगळं आधीच सांगून टाकलेलं असतं. जपानी लेखक केइगो हिगाशिनो याच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (मूळ जपानी २००५ ची) मध्ये खून सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत होतो. कुणी केला, का केला, सगळं माहीत. शेजारचा गणिताचा मास्तर तो लपवायला मदत करतो हेही माहीत. आणि तरी पुस्तक संपेपर्यंत चहा गार होतो. कोड्याला कंटाळलेल्यांना मी हीच सुचवतो. 'आता खुनी कोण ते शोधत बसायचं?' या कपाळावरच्या आठ्या पहिल्या प्रकरणातच जातात.

तिसरी जात आपल्या मातीतली. घरात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि कुणीच बोलत नाही. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' घ्या. १९८५ साली रंगभूमीवर आलेलं, नाटक आहे खरं, पण वाचनगटाला याच्यासारखं दुसरं नाही, भूमिका वाटून घेऊन मोठ्याने वाचता येतं. वडील गेलेत, तेराव्यासाठी एक मुलगा मुंबईहून सहकुटुंब आलाय, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय, आणि म्हातारी आजी अधूनमधून विचारते, किती वाजले? दागिन्यांबद्दल, जमिनीबद्दल, तरुण मुलीबद्दल घरात काय शिजतंय ते कुणाला कळत नाही असं नाही. एकही हेर नाही, तरी मी पहिल्यांदा वाचताना पान उलटायला हात धजावत नव्हता.

आणि चौथी, जिथे माणूस स्वतःपासूनच काहीतरी लपवतो. कझुओ इशिगुरोची 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९८९) हा त्याचा नमुना. बटलर सांगतो चांदीची भांडी कशी घासायची ते, आणि आपल्याला ऐकू येतं त्याने आयुष्यात काय गमावलं ते. हे पुस्तक गटाला पहिल्या वर्षी देऊ नका. 'यात काही घडतच नाही' असं दोघी-तिघी म्हणतील आणि तुम्ही चिडाल.

मराठीत या सगळ्याला आपण 'रहस्यमय' हे एकच लेबल लावतो, हा आळस आहे. रहस्यकथा, गूढकथा आणि भयकथा हे वेगवेगळे प्रकार, आणि पूर्वीच्या वाचकाला हे पक्कं माहीत होतं. रहस्यकथेत शेवटी गाठ सुटते. गूढकथेत ती सुटत नाही, उलट आपल्या हाताला गुंडाळली जाते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचून माणूस पुस्तक मिटतो आणि मग भीती सुरू होते. भयकथेचे आपले दादा म्हणजे नारायण धारप, इथलेच, पुण्याचे. 'उत्तर हवं' म्हणणाऱ्या वाचकाला धारप दिलात तर तो वैतागतो, 'अहो पण ते झालं कसं?' म्हणून काउंटरवर वाद घालतो. माझ्याशी घातलाय. आणि धारपांच्या भक्ताला ख्रिस्ती दिली की तो म्हणतो, 'एवढंच? माणसानेच केलं?'

बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांनी प्रत्येकी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड या अर्नाळकरांच्या नायकांची नावं काढली की सत्तरी ओलांडलेल्या सभासदांचे डोळे अजून चमकतात. सासूबाईंना विचारून बघा. आज वाचताना त्या पुस्तिका भाबड्या वाटतात, गटासाठी मी त्या सुचवणार नाही. पण आमच्या आधीच्या पिढीला वाचनाची चटक त्यांनीच लावली, तेव्हा नाक मुरडणाऱ्यांकडे मी दुर्लक्ष करतो.

सुहास शिरवळकर ही वेगळी गोष्ट. फिरोज इराणी, अमर विश्वास, दारा बुलंद या त्यांच्या नायकांसाठी कॉलेजची पोरं आमच्याकडे नंबर लावायची. 'सुशि आलं का नवीन?' एवढाच प्रश्न. 'दुनियादारी' मागणारे सगळे एस. पी. कॉलेजच्या कट्ट्यासाठी, मैत्रीसाठी ती न्यायचे. पण त्या कादंबरीच्या पोटात आधीच्या पिढीचं एक गुपित आहे, घरातलं, आणि चाळिशीनंतर पुन्हा वाचली की कट्टा मागे पडतो आणि तेच पुढे येतं. तुमच्या गटातल्या बहुतेकींनी ती विशीत वाचली असणार किंवा २०१३ चा सिनेमा पाहिला असणार. पुन्हा वाचायला द्या आणि फक्त नायकाच्या, श्रेयसच्या आईकडे लक्ष ठेवा म्हणावं.

आणि एक गंमत, जी पुण्यातही फार जणांना माहीत नसते. बंगाली हेरकथांतल्या ब्योमकेश बक्षीचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय १९५२ पासून पुण्यात राहत होते, १९७० मध्ये वारले तोवर. पहिल्या ब्योमकेश कथा १९३० च्या दशकातल्या. मग ते मुंबईला सिनेमासाठी लिहायला आले आणि ब्योमकेश जवळजवळ पंधरा वर्षं गप्प बसला. तो पुन्हा बोलू लागला त्यातलं बरंचसं इथे, आपल्या गावात बसून लिहिलेलं. एक कथा तर महाबळेश्वरच्या हॉटेलात घडते. ब्योमकेशला स्वतःला 'डिटेक्टिव्ह' म्हटलेलं खपत नाही, तो म्हणतो मी सत्यान्वेषी. चोर पकडणं आणि सत्य शोधणं यातला फरक त्याच्या कथांत दिसतो. काही वेळा गुन्हेगार कोण ते कळतं आणि मग प्रश्न पडतो, आता या कळण्याचं करायचं काय? तुम्ही रहस्य आणि भावना असं दोन्ही मागताय ना, त्यांचा सांधा इथे आहे. हिंदी आणि इंग्रजीतून सहज मिळतात, कथा तासाभरात वाचून होते.

आता न फोडता सुचवायचं कसं. पहिली गोष्ट, 'शेवट असला भारी आहे ना, तुम्हाला कल्पनाच येणार नाही' हे वाक्य तोंडातून काढू नका. मी वर्षानुवर्षं काढत होतो, आणि मला वाटायचं की मी काहीच सांगितलेलं नाही. एकदा एका सभासद बाईंनी झापलं, 'तुम्ही कल्पना येणार नाही म्हणालात, म्हणून मी पहिल्या पानापासून सगळ्यात सज्जन माणसावर नजर ठेवली. तोच निघाला.' खरंच की! शेवटी कलाटणी आहे हे सांगणं म्हणजे अर्धं रहस्य सांगणं. तेव्हापासून मी फक्त सुरुवातीबद्दल बोलतो. 'एक बाई आहे, नवरा गेल्यावर त्याचं कपाट आवरायला घेते.' बस. पुढचं विचारलं तर म्हणायचं, 'वाचा.'

दुसरं, मलपृष्ठ. मागच्या कव्हरवरचा मजकूर लिहिणाऱ्याला पुस्तक विकायचं असतं, त्यामुळे तो दीडशेव्या पानावरचा खून बिनदिक्कत तिथे छापतो. आमच्याकडे सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर असायचं, ते फाटू नये म्हणून. त्याने मलपृष्ठही झाकलं जायचं हा फुकटचा फायदा. तुमच्या गटासाठी वर्तमानपत्राचं घातलंत तरी चालेल.

तिसरं म्हणजे आधी वाचून गेलेले. आमच्याकडच्या एका जाड कादंबरीत एकविसाव्या पानावर, डॉक्टरचं नाव पहिल्यांदा येतं तिथे, कुणीतरी पेन्सिलीने गोल करून समासात लिहिलं होतं, 'हाच.' मी ते खोडरबरने पुसलं. महिन्याभराने पुन्हा, यावेळी पेनाने. शेवटी मी त्या खाली वेगळ्या अक्षरात लिहिलं, 'नाही हो, बायको.' आणि पुढच्या एका पानावर वकिलाच्या नावाभोवती गोल करून 'की हा?' कादंबरी त्यानंतर दुप्पट वेळा गेली. वाचनालयाच्या नियमात हे बसत नाही, पण आता मी निवृत्त आहे.

ऑडिओवर ऐकणाऱ्या कुणी असतील तर त्यांना कोड्याची कादंबरी देऊ नका. कुकरच्या शिट्टीत नेमका धागा निसटतो आणि मागे जाऊन शोधायचा कंटाळा येतो. घरातल्या गुपितांच्या गोष्टी मात्र ऐकायला फार छान, कुणीतरी दबक्या आवाजात सांगतंय असं वाटतं.

हळव्या, गुपितांवरच्या पुस्तकांबद्दल एक इशारा द्यायचाय, आणि तो माझ्या चुकीतून आलेला आहे. एक वयस्क सभासद होते, दर शुक्रवारी येणारे, हेरकथांचे शौकीन. एका शुक्रवारी मीच आग्रह करून त्यांना बदल म्हणून एक कौटुंबिक कादंबरी दिली: वडील वारल्यावर मुलांना कळतं की त्यांचा आणखी एक संसार होता. गृहस्थ पुढचा शुक्रवार आले नाहीत, त्यापुढचाही नाही. चार महिन्यांनी आले. पुस्तक पिशवीतून काढलं, खूणचिठ्ठी शेवटून पंधरा-वीस पानांवर होती. दंडाचे पैसे मोजून काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, 'आमच्याकडे पण माळ्यावर एक ट्रंक आहे. किल्ली माझ्याकडेच आहे.' एवढंच. मग नेहमीच्या कपाटाकडे गेले आणि एक हेरकथा घेऊन आले. मी शिक्का मारला. काय बोलणार?

हेरकथेत मेलेल्या माणसाशी आपलं काही नातं नसतं, म्हणून ती आपण झोपायच्या आधी मजेत वाचतो. घरातल्या गुपिताची गोष्ट वाचताना प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या माळ्यावर चढतो. दत्तक मूल, मोडलेलं पहिलं लग्न, आत्महत्या 'हार्ट अटॅक' म्हणून सांगितलेली, वाटणीच्या वेळी गायब झालेला कागद. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत तीन मजल्यांत यातलं एक तरी सापडेल. म्हणून गटात असं पुस्तक देताना विषय आधी सांगा, शेवट नव्हे. 'यात एक मूल जातं', 'यात दत्तकाचा विषय आहे' असं स्पष्ट. याने रहस्य फुटत नाही. ज्या जणीला ते झेपणार नाही ती काही न सांगता त्या महिन्यात 'पाहुणे आहेत' म्हणेल, आणि तुम्ही खोदून विचारायचं नाही. चर्चेतही 'तुमच्या घरी असं काही?' हा प्रश्न कुणी विचारला तर तुम्ही चहा आणायला उठा. हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल' या जातीतली जोरकस कादंबरी, पण जाड आणि उग्र. गट वर्षभर टिकला तर आणि तेव्हाच.

पुढच्या महिन्यासाठी माझं ऐकाल तर कादंबरी नकोच. ब्योमकेशच्या दोन कथा घ्या, शक्य तर एक ती महाबळेश्वरची. त्यापुढच्या महिन्यात 'वाडा चिरेबंदी' मोठ्याने. मग हिगाशिनो. मोठी कोड्याची कादंबरी चौथ्या महिन्यात, आणि ती दोन बैठकांत वाचायची. पहिल्या बैठकीपर्यंत दोन तृतीयांश, तिथे सगळ्यांनी थांबायचं. प्रत्येकीने चिठ्ठीवर अंदाज लिहून घडी घालून स्टीलच्या डब्यात टाकायचा, आणि डबा पुढच्या बैठकीत उघडायचा. हा खेळ मी आमच्या ज्येष्ठ सभासदांसोबत तीन वर्षं खेळलो. बरोबर ओळखणारे क्वचित, पण चुकीचे अंदाज ऐकण्यात जी मजा आहे ती बरोबर उत्तरात नाही. कोण कुणावर संशय घेतं यावरून माणूस कळतो. आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक दर वेळी शिपायावर संशय घ्यायचे.

राहिल्या सासूबाई. शेवट आधी वाचणाऱ्यांना हसायचं कारण नाही. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये लोकांना कथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून. शेवट ठाऊक असलेल्यांना त्या कथा सरासरी थोड्या जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. माझा अनुभव इतका सरसकट नाही, कोड्याच्या माणसाला शेवट सांगितलात तर तो वर्षभर बोलणार नाही. पण शेवट माहीत असला की काहींचा जीव भांड्यात पडतो आणि मग त्या निवांतपणे लेखकाची लबाडी बघतात: इथे याने नजर चुकवली, इथे हा खोटं बोलला. ते वाचन आपल्यापेक्षा बारीक असतं.

तेव्हा त्यांना गटातून वगळू नका, डब्याच्या राखणदार करा. चौथ्या महिन्यात पुस्तक सगळ्यांत आधी त्यांनाच द्या, शेवटचं पान वाचू द्या, आणि चिठ्ठ्यांचा डबा त्यांच्याकडे ठेवायला द्या. अट एकच, दोन बैठकांच्या मधले पंधरा दिवस जेवताना पुस्तकाचा विषय निघाला तर त्यांनी फक्त हसायचं. बघा, घरात सगळ्यांत जास्त ताण त्या हसण्याचाच येईल.